तुम्ही बसा



दारातून आत आल्यापासून मला सात जणांनी "मॅडम, बसा" म्हटलं. मोजायची सवय आहे. फिजिओथेरपीच्या धंद्यात दिवसभर एक-दोन-तीनच चालतं. सातव्यांदा बसले. पण आज आमच्या कवायतीच्या सरांच्या स्मृतिव्याख्यानात बोलायचं आहे आणि सरांनी आम्हाला शाळेत सुखानं कधी बसू दिलं नाही, तेव्हा सुरुवात याच शब्दापासून करते.

सुरत महानगरपालिका आजही सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते, त्यात एक मराठी. अशाच एका उधन्यातल्या शाळेत सर आम्हाला कवायत शिकवायचे. वर्गातल्या निम्म्यांचे वडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले, कुणी लूमवर, कुणी डाईंगमध्ये. पटांगण म्हणजे दोन इमारतींमधली फरशी, आणि भिंतीपलीकडे लूमचं खातं. लूम सुरू असले की सरांची शिट्टी दहा फुटांवर ऐकू यायची नाही. मग सर शिट्टी खिशात टाकायचे, लेझीम घेऊन समोर उभे राहायचे, आणि आम्ही त्यांचा हात बघून ठेका धरायचो. आवाज नाही, नुसता समोरचा हात. आज जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

विषय कळवला तेव्हा एका कार्यकर्त्याचा दबकत फोन आला. "मॅडम, सरांच्या स्मृतिव्याख्यानाच्या पत्रिकेत 'व्हिडिओ गेम' छापायचं का?" छापा म्हटलं. सरांना आवडलं असतं की नाही ठाऊक नाही. पण त्यांनी खेळून बघितलं असतं, एवढं नक्की.

माणूस म्हातारा झाला हे आपल्याकडे कशावरून ओळखायचं? पांढऱ्या केसांवरून नाही. तो उठायला लागला की घरातले चार जण "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणायला लागतात, त्यावरून. पाण्याचा तांब्या हातात येतो. चपला पुढ्यात येतात. देवपूजेची फुलं कुणीतरी तोडून आणतं. निवृत्त माणसाला सुख चिंतायचं तर आपण म्हणतो, आता बसून खा. सुनेचं कौतुक काय, तर सासूला जागचं हलू देत नाही. यात कुणाच्याच मनात वाईट नसतं, आणि अवघड आहे ते हेच. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

माझ्या कामात एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. बारा किंवा जास्त लागले तर हा माणूस पडू शकतो असं धरून चालायचं. हे बारा सेकंद मी मोठ्या बंगल्यांत मोजले आहेत आणि लिंबायतच्या एका खोलीच्या घरांतही. माझा अनुभव असा, की जिथं माणसाचा मान मोठा, तिथं सेकंद जास्त लागतात. हे संशोधन नव्हे. हे माझं घड्याळ बोलतंय.

आता आमच्या घरडाघरात चला. गुजरातीत घरडाघर म्हणतात, आणि मला तो शब्द वृद्धाश्रमापेक्षा बरा वाटतो. आश्रमात तप करावं लागतं, घरात निदान भांडता तरी येतं. दुपारचे चार. हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून एकवीस खुर्च्या, मधे मोकळी फरशी, समोर टीव्ही. त्यावर कथा चाललेली, ऐकणारे तीन, झोपलेले पाच, बाकीचे दाराकडे बघत. गुजराती, मराठी, एक-दोन मारवाडी. कुणी रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये मुनीम होतं, कुणी तीस वर्षं हिऱ्याच्या घंटीवर बसलेलं, एक माई आयुष्यभर घरी साड्यांवर टिकल्या चिकटवत आलेल्या. आणि कोपऱ्यात आबा. अमळनेरकडचे, लूमखात्यात मास्टर. मास्टर म्हणजे ज्याच्या हाताशिवाय बिघडलेला लूम सुरू होत नाही तो. कानांनी जवळजवळ गेलेले, कारण लूमच्या खटखटाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्यावर कान राहत नाहीत. बोलणं बंद. जेवायला उठायचे आणि झोपायला.

मी आठवड्यातून दोनदा जायची. खांदे फिरवा म्हटलं की फिरवायचे, कारण मी नातीच्या वयाची आणि त्यांना माझं मन मोडवत नसे. मी जिना उतरले की व्यायाम संपला. एकदा चष्मा विसरला म्हणून पाच मिनिटांत परत आले, तर एकवीसच्या एकवीस जण होते तिथं, होते तसे. त्यांनी मला फसवलं नव्हतं. व्यायाम माझा होता, तो माझ्याबरोबर गेला.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुलं मोठी झाली आणि माळ्यावर टाकलेला निन्टेन्डोचा 'वी' त्यानं मला आणून दिला, रंगीत कागदात गुंडाळून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: टीव्हीला जोडायचा एक पांढरा डबा आणि हातात धरायचा एक रिमोट. बटणं दाबत बसायचं नाही. हात जसा फिरवाल तसा पडद्यावरचा माणूस हात फिरवतो. टेनिस, बेसबॉल, गोल्फ, बॉक्सिंग, बोलिंग.

पहिल्या दिवशी मी तो जाळला. अमेरिकेतला अडॅप्टर एकशेवीस व्होल्टचा, आपल्या भिंतीत दोनशे तीस. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. वीस माणसांसमोर थाटात भाषण केलं, स्विच दाबला, फट् झालं आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. ट्रस्टी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. आणि कोपऱ्यातून आबा मोठ्यानं म्हणाले, "कॉइल गेली!" मग उठले. कुणी हात दिला नाही, कुणी "आबा, बसा" म्हटलं नाही, कारण सगळे धुराकडे बघत होते. चौदा-पंधरा पावलं चालत आले, अडॅप्टर उचलून नाकाशी धरला, हुंगला, आणि मान हलवली. मी तिथं जायला लागल्यापासून कुणी न सांगता उठलेला हा पहिला माणूस. तेही खेळासाठी नाही, बिघाडासाठी.

खेळाचा डबा वाचला होता. त्याला आत बाराच व्होल्ट लागतात. जळतो तो मधला अडॅप्टर. आबांनी एका वॉर्डबॉयला बरोबर घेतलं आणि दुरुस्तीवाल्याकडून जुन्या अडॅप्टरची पिन कापून दुसऱ्या बारा व्होल्टच्या सप्लायला जोडून आणली. रिक्षानं जाऊन-येऊन दोन तास. ही माझ्या त्या वर्षातली सगळ्यात यशस्वी फिजिओथेरपी, आणि ती मी केलेली नाही.

मग बोलिंग सुरू झालं. रिमोटच्या पोटाला एक बटण असतं. ते बोटानं दाबून धरायचं, हात मागं न्यायचा, पुढं आणताना सोडायचं. सांधे धरलेल्या बोटांना हे सोपं नाही. कुणी सोडायचंच नाही, मग चेंडू हातातच. कुणी मागं नेतानाच सोडायचं, मग पडद्यावर चेंडू उलटा मागं जातो आणि मागं उभे असलेले चित्रातले प्रेक्षक दचकून उडी मारतात. माईंनी पहिल्या दिवशी सलग तीन वेळा प्रेक्षकांत चेंडू टाकला. हॉल हसला. कितीतरी दिवसांत त्या हॉलमधून आलेला तो पहिला असा आवाज होता, ज्यासाठी स्वयंपाकघरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

आबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना खेळाचं संगीत ऐकू येईना, पिना पडल्याचा आवाज येईना. रिमोट मात्र हातात थरथरतो, आत तशी छोटी मोटर असते. आबांनी तो तळव्यावर आडवा धरला, डोळे मिटले, आणि परत फेकला. मला नंतर त्यांनीच सांगितलं. लूमवर धोटा नीट जातोय की नाही ते कानानं कळत नसे, त्या गदारोळात कुणाला काय ऐकू येणार? फ्रेमवर तळवा ठेवायचा, कंप सांगतो. त्या दिवशी चाळीस वर्षांचा तळवा परत कामाला लागला. दुसऱ्या आठवड्यात मी दारातून आत शिरले तोच आबा म्हणाले, "मनी पाळी कव्हय शे?" माझी पाळी कधी आहे. ज्या माणसानं आयुष्यभर दिवसपाळी-रातपाळी केली त्याला पाळी हा शब्द परत मिळाला होता, आणि तो मंगळवार-शुक्रवार दुपारी चारला होता.

या यंत्राबद्दल थोडं सांगते, कारण त्यात जादू नाही आणि ते तुम्हाला कळावं. रिमोटच्या आत वेगातला बदल टिपणारा एक छोटा तुकडा असतो, तो हाताचा झोका ओळखतो. टीव्हीवर ठेवायची पट्टी काहीच ओळखत नाही, ती फक्त दोन ठिकाणी अवरक्त उजेड देते. बघणारा डोळा रिमोटच्या नाकावर असतो. म्हणून चारच्या उन्हात आम्हाला पश्चिमेचा पडदा ओढावा लागायचा. एकदा उंदरानं पट्टीची तार कुरतडली. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं, हा जगभरच्या पोरांना माहीत असलेला तोडगा. आम्ही टीव्हीखाली दोन मेणबत्त्या लावून आठवडा काढला. एका काकींनी रोज येऊन त्यांना नमस्कार केला, आणि मीही त्यांना काही समजावलं नाही.

हा डबा बनवणारी कंपनी मूळची पत्त्यांची. १८८९ मध्ये क्योतोत हाताने रंगवलेल्या फुलांच्या पत्त्यांचा धंदा म्हणून ती सुरू झाली. म्हणजे माणसांना बैठक मारून बसवण्यावरच तिचं पोट होतं. २००६ च्या नोव्हेंबरात तिनं 'वी' बाजारात आणला आणि दहा कोटींवर विकला. विकला सगळ्या घरादारासाठी. आणि २००७ उजाडता उजाडता शिकागोजवळच्या सेजब्रुक या ज्येष्ठांच्या वसाहतीत म्हातारी मंडळी त्यावर बोलिंगच्या स्पर्धा लावून बसली, चुकले, उभी राहिली. त्यांना हे कुणा डॉक्टरनं लिहून दिलं नव्हतं.

डॉक्टर मागून आले, आणि त्यात एक आपलं नाव आहे. दिलीप जेस्ते. वैद्यकीय शिक्षण पुण्यात, मानसोपचार मुंबईत, मग अमेरिका. सॅन दिएगोच्या विद्यापीठात वार्धक्याच्या मनावर त्यांनी आयुष्य घातलं; २०१२ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. शहाणपण म्हणजे काय याचा अभ्यास करताना सहकाऱ्यासोबत भगवद्गीता उघडून बसलेला हा माणूस. त्यांच्या गटानं २०१० मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्रेसष्ट ते चौऱ्याण्णव वयाची एकोणीस माणसं, सगळी उदासीनं धरलेली, पण आजार म्हणावा इतकी नाही. आपण ज्याला 'मन लागत नाही' म्हणतो, ते. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पस्तीस-पस्तीस मिनिटं त्यांनी 'वी'वरचे खेळ खेळायचे. एक तृतीयांशाहून अधिक जणांची उदासीची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली.

आता यातली खोच. प्रयोगात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि एकोणीस माणसं म्हणजे आमच्या हॉलमधल्या खुर्च्यांपेक्षा दोन कमी. सुधारलं काय, तर मनाची उभारी आणि बुद्धीची चलाखी. शरीराच्या तब्येतीबद्दलची त्यांची भावना मात्र फारशी हलली नाही. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो, कारण आमच्याकडे तेच दिसलं. आबांचे बारा सेकंद दोन महिन्यांत काही नऊ झाले नाहीत. ते दाढी करायला लागले.

शरीराचं हवं असेल तर खेळानं भागत नाही, हेही सरांच्या नावानं स्पष्ट बोलायला हवं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्येच मोजून दाखवलं होतं, की असले खेळ बसून खेळण्यापेक्षा जास्त शक्ती खर्चतात, पण खऱ्या मैदानी खेळाच्या जवळ येत नाहीत. ताकद वाढवायची तर वजन उचलावं लागतं, नव्वदीतही. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धसंस्थेत मारिया फियातारोन यांनी दहा नाजूक माणसांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे पायांनी जड वजनं उचलायला लावली. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी टाकली. मला विद्यार्थिदशेत हा आकडा छपाईची चूक वाटला होता.

आणि पडण्याचं म्हणाल, तर कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार आपापल्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये नियमित व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. संस्थांमध्ये राहणाऱ्यांबाबत मात्र त्याच मंडळींच्या २०१८ च्या आढाव्यात व्यायामाचा परिणाम अनिश्चित निघाला. मला वाटतं, कारण असं असावं. जो बसलेला आहे तो पडत नाही. उठवलात तर पडेलही. उठवणाऱ्यानं ही जबाबदारी घ्यायची असते. दुखापती या खेळातही आहेत. एका स्पॅनिश डॉक्टरनं २००७ मध्ये स्वतःचा दुखावलेला खांदा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि त्या दुखण्याला यंत्राचंच नाव दिलं. टेनिस फार खेळला होता. पट्टे तुटून रिमोट टीव्हीवर जायला लागले तेव्हा कंपनीला बत्तीस लाख मनगटपट्टे बदलून द्यावे लागले.

म्हणून आमच्याकडे नियम झाले, आणि ते आबांनी केले. चपला काढायच्या. खेळणाऱ्याच्या मागं हातभर अंतरावर खुर्ची, आणि खुर्चीमागं एक माणूस, त्याचा एक हात खेळणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या पंचाच्या गाठीवर. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकानं खुर्चीतून पाच वेळा हात न टेकता उठायचं, नाहीतर पाळी पुढं गेली. हे शेवटचं मी सुचवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी उचलायच्या तेही तसंच आलं. खेळ व्यायाम देत नव्हता. खेळ रांग देत होता, आणि रांगेत उभं असताना व्यायाम होत होता.

इथं मला लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा जुना प्रयोग आठवतो. १९७६, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधली एक वृद्धसंस्था. एका मजल्यावर सांगितलं, तुमच्या खोलीचं तुम्ही बघा, सिनेमा कधी बघायचा ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच गोड शब्दांत सांगितलं, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. हे रोप, पाणी नर्स घालतील. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसायला लागली. दुसऱ्या मजल्याचं भाषण मराठीत करायला तीन शब्द पुरतात. माझ्या व्याख्यानाच्या मथळ्यातले दोन, आणि एक 'हं' जोडून.

आपल्याकडे २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्यात दर जिल्ह्यात निदान दीडशे जणांच्या सोयीचं एक वृद्धगृह असावं असं म्हटलंय, आणि तिथल्या सेवांमध्ये वैद्यकीय सेवेच्या जोडीला करमणुकीची साधनंही लिहिली आहेत. कायदा करणाऱ्यानं शब्द चांगला घातला. आपण त्याचा अर्थ टीव्ही आणि भजन असा लावला, म्हणजे परत बसणंच. मी अनेक ट्रस्टींना हा खेळ दाखवला. प्रत्येकानं पहिला प्रश्न विचारला, मशीन कितीला पडतं? जुनं मशीन एखाद्या बऱ्या मोबाईलपेक्षा स्वस्त. पंचाची गाठ धरून उभा राहणारा माणूस दर महिन्याला किती घेईल, हे आजवर एकानं विचारलं. त्यानंही नंतर फोन उचलला नाही.

दुसरा आक्षेप बायकांचा. "हे पोराटोरांचे खेळ, आम्हाला शोभतं का?" हा आक्षेप मला फार मजेचा वाटतो. ज्या बायकांनी मंगळागौरीला रात्र रात्र फुगडी, झिम्मा, पिंगा घातला, उकिडवं बसून कोंबडा केला, त्यांना विचारा, कुठल्या आखाड्यात इतका गुडघा वाकतो? आमच्या खानदेशी बायका श्रावणात कानबाईच्या पुढं नाचतात. नवरात्रात हे सगळं शहर गोल फिरतं. उत्तरायणाला बघा, ज्याचा हात वर्षभर खांद्यावर गेलेला नाही असा आजोबा गच्चीवर फिरकी धरून मान मागं टाकून तासभर उभा असतो. हालचालीचे खेळ आपल्याला जपानकडून घ्यायला लागले नाहीत. फक्त आपल्या खेळांना एक वय लावून ठेवलंय. त्या वयानंतर तुम्ही गाणं म्हणायचं, फुगडी सुनांनी घालायची.

त्यावरून एक गंमत. एका गृहस्थांनी मुलाचा जुना किनेक्ट आणून दिला. २०१० साली निघालेला हा कॅमेरा, रिमोटच नाही. तो तुमच्या अंगाचा सांगाडा ओळखतो आणि पडद्यावर नाचवतो. पुरुषांचं छान जमलं. बायका उभ्या राहिल्या तर यंत्राला पाय सापडेनात. गोल साडीच्या निऱ्यांत त्याला गुडघा कुठला आणि पदर कुठला कळेना. माईंचा पडद्यावरचा पाय खांद्यातून निघाला. मग एका आजींना सुचलं. त्यांनी ट्रंकेतलं नऊवारी काढलं, कासोटा घातला, आणि यंत्राला दोन्ही पाय दिसले. पुढचे दोन आठवडे हॉलमध्ये नऊवारीची फेरी चालली होती. गुजराती काकीही नेसल्या. त्या कॅमेऱ्याचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं. आमचा 'वी' त्याच्या आधीच बाजारातून गेलेला. हा या सगळ्याचा मोठा दोष आहे: पोरांचा बाजार पुढं पळतो आणि म्हाताऱ्यांच्या हातात सुटे भाग न मिळणारं यंत्र राहतं. आता नवी आली आहेत, येत राहतील. मी कुठल्याच डब्याची जाहिरात करायला उभी नाही.

लिंबायत, डिंडोली, नवागामच्या ज्या म्हाताऱ्यांना घरडाघर परवडत नाही आणि ज्यांच्या एका खोलीत हात फिरवायला जागा नाही, त्यांचं काय, असं मला कुणीतरी विचारेलच. त्यांच्यासाठी पालिकेचे शांतिकुंज आहेत, बाकांसह. बाक जास्त आहेत. एखाद्या मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून तिथं आठवड्याला दोन संध्याकाळी लेझीम नेलं तर वीज, टीव्ही, अडॅप्टर काहीच लागणार नाही. पंचाची गाठ धरणारा लागेल.

आता शेवटचं, आणि ते सरांच्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगते. सर शेवटची दीड वर्षं पांडेसऱ्याला मुलाकडे होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. घरच्यांनी त्यांचं काही कमी केलं नाही. मी भेटायला गेले, अर्धी विद्यार्थिनी म्हणून, अर्धी फिजिओ म्हणून. मला बघून त्यांनी खाटेच्या कडेला हात टेकला आणि उठायला लागले. त्या आठवड्यात माझा एक पेशंट पडला होता, मी घाबरलेली होते. घाईनं पुढं झाले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही बसा."

ते बसले. शिकवलेल्या मुलीचं मन मोडवत नसेल. आम्ही शाळेबद्दल बोललो, चहा झाला. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, शालीखाली त्यांची उजवी टाच हलत होती. वहीत लिहिलं: उजव्या पायाला कंप, लक्ष ठेवणे. निघाले. जिना उतरताना तळमजल्याच्या खात्यातले लूम ऐकू आले, आणि पायरीवर थांबून मी ठेका मोजला. एक-दोन, एक-दोन-तीन. वर टाच त्याच ठेक्यावर पडत होती. लेझमीची दुसरी हालचाल.

परत वर जायला हवं होतं. पुढचा पेशंट डिंडोलीला होता, उशीर झाला होता, आणि रिक्षा उभी होती.